दंडाची भाकर

मथुराबाईला मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते तिच्या जावयाला पुरणपोळी वाढताना. यात नवल काही नाही. अधिक महिना होता आणि जावई वरूडकडून, संत्र्याच्या बागा असलेल्या घरातून, धोंड्याचं जेवण जेवायला आला होता. पण तो पाटावर बसलेला नव्हता. मोरखडीच्या डोंगराच्या पायथ्याशी एका दगडावर बसला होता. हातांना फोड आले होते, नव्या शर्टाचे धागे निघाले होते आणि शेजारी त्याने मुळासकट उपटलेल्या घाणेरीच्या काटेरी झुडपांचा ढीग होता. सकाळी फिरायला म्हणून डोंगरावर गेला आणि कुऱ्हाडीच्या दांड्यासाठी धावड्याची एक सरळ फांदी तोडून आणली, एवढाच त्याचा गुन्हा. सासूनेच पकडला.

"जवाईबापू, जवाई म्हून पोयी खा, अन् चोर म्हून घाणेरी उपटा," तुपाची वाटी त्याच्या पोळीवर उपडी करत ती म्हणाली. "दोनी मान तुमचेच हायेत."

मुलगी बाजूला तोंड फुगवून उभी होती. मी अकोल्याची नोकरी सोडून नुकताच गावी परतलो होतो. अंजनगावच्या एका शाळेत भूगोल शिकवायचा आणि घरच्या वावरात झेंडू-शेवंती लावायची, असा बेत होता. मला वाटलं, ही बाई वेडी आहे. पुढे बरीच वर्षं तिच्यासोबत काम केलं आणि ते मत मी थोडंसंच बदललं.

आमचं गाव अंजनगाव सुर्जीच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. खाली काळी जमीन, वर मोरखडीचा डोंगर. पुष्कळ खेटे घातल्यावर त्या डोंगराचा सामूहिक वनहक्क ग्रामसभेला मिळाला. राखायचा गावाने, वापरायचा गावाने, काय तोडायचं आणि काय नाही ते ठरवायचं गावाने. कागद मिळाला, डोंगर मिळाला. फक्त डोंगरावर काही उरलेलं नव्हतं. सागाचे, धावड्याचे, तेंदूचे खुंट होते आणि त्यांच्यामधून माणसाच्या डोक्याइतकी उंच घाणेरी माजली होती. अशा डोंगराची अध्यक्ष व्हायला कोणी पुढे येईना, म्हणून मथुराबाई झाली.

ठेंगणी, रुंद बांध्याची बाई. लुगड्यावर मुलाचा जुना शर्ट, पायात कॅनव्हासचे बूट. नवरा इतका शांत की दोघांच्या वाट्याचं बोलणं तीच उरकायची. आवाज असा की खालून हाक मारली तर वरची गुरं माघारी वळायची. पुण्याचा एखादा पाहुणा तिच्याशी बोलला की त्याला वाटायचं, आपण काहीतरी अपराध केला आहे. बहुतेक वेळा तिलाही तसंच वाटत असायचं.

कुऱ्हाडबंदी, चराईबंदी हे नियम बऱ्याच गावांत असतात. आमच्या गावचा दंड मात्र तिचा. ओलं लाकूड तोडलं, ढोरं सोडली, चारोळी कच्ची तोडली, तर पैसे भरायचे नाहीत. डोंगरावर जाऊन दिवसभर घाणेरी उपटायची. आणि ज्याने पकडलं त्याने त्या दिवशी आपल्या घरची भाकर घेऊन वर जायचं आणि दंड भोगणाऱ्याच्या सोबत बसून जेवायचं. पहिल्या सभेत लोक हसले. पकडायचं आणि वर जेवूही घालायचं?

"पैशाचा दंड केला तं पैसेवाला रोज तोडन," ती म्हणाली. "अन् भाकर न्या लागली, संग बसा लागलं, का मंग उगाच कोनी कोनाची चहाडी करत नाई. उपाशी मानूस दंडाले शिव्या देते. जेवलेला मानूस घाणेरीले देते."

ते खरंच तसं झालं. भांडणं व्हायची, पण ती डोंगरावरच मिटायची, कारण समोरासमोर बसून एकाच कांद्याचे दोन तुकडे करून खाल्ल्यावर माणूस फार वेळ तोंड फिरवून बसू शकत नाही. गावात कोणाच्या घरची चटणी कशी असते हे आम्हाला दंडामुळे कळलं. काही जण तर एका विशिष्ट घराकडूनच पकडले जायला बघतात, असा माझा संशय होता, आणि अजूनही आहे.

डोंगर उभा करायची तिची पद्धत दिसायला अगदी साधी होती. खुंटाला पावसाळ्यानंतर दहा बाजूंनी फुटवे येतात. त्यांतले सरळ, जोमदार असे एक-दोन ठेवायचे आणि बाकीचे काढून टाकायचे. घाणेरी हटवली की खाली दबलेली रोपं आपोआप डोकं वर काढतात. उतारावर दगडी बांध घालायचे. बस. यात ना उद्घाटन, ना फोटो. म्हणूनच तालुक्याहून वृक्षारोपणाचा कार्यक्रम आला तेव्हा गावाला आनंद झाला. खड्डे खणायला मशीन येणार, रोपं येणार, पाहुणे येणार. मशीन डोंगराच्या तोंडाशी आलं आणि ही बाई त्याच्यासमोर उभी राहिली.

"खड्डे मेलेल्यासाठी खंदतात सायेब. हा डोंगर अजून मेला नाई."

साहेब भला माणूस होता. त्याने सांगितलं की खालून फुटतंय तिथे आम्ही हातही लावणार नाही, पण पश्चिमेच्या उतारावर खुंटही नाहीत, तिथे काय करणार? तिने तेव्हा त्याला ऐकूनच घेतलं नाही. मशीन परत गेलं, मंडपवाला परत गेला, आणि पाहुण्यांसाठी केलेला चिवडा आम्ही आठवडाभर खाल्ला. पुढच्या पावसाळ्यात मात्र ती स्वतः तालुक्याला गेली आणि त्याच साहेबाच्या टेबलासमोर उभी राहून म्हणाली, "तुमी खरं बोलले व्हते. पश्चिमीकडे काईच नाई. आवळ्याची अन् चारोळीची रोपं द्या." साहेब हसला, तर ही त्याच्यावर उखडली, "हासून काय राहिले? चुकलो तं आलो ना?" रोपं मिळाली. खड्डे मात्र कुदळीने आम्हीच खणले.

तिला चूक कबूल करायला लाज वाटत नसे. वेळ मात्र फार लागत असे. आणि त्या वेळेतच एकदा सगळं जळलं.

भाऊराव हा तिचा चुलतदीर. शेतीच्या वाटणीवरून दोन घरांचं बोलणं जेमतेम होतं. भाऊरावच्या बकऱ्या होत्या, गाई होत्या, आणि डोंगर बंद झाल्याचा सगळ्यात मोठा फटका त्यालाच बसला होता. चराई थांबल्यावर डोंगरावर गवत असं वाढलं की माणूस आत शिरला तर दिसेना. आम्हाला त्याचा कोण अभिमान! बाहेरच्या गावचे लोक पाहायला यायचे. कार्तिकातल्या ग्रामसभेत भाऊराव उठला.

"वयनी, चरू नका देऊ, कबूल. पन कापू तं द्या. डोक्यावर वाहून नेऊ. उभं वाळलेलं गवत म्हंजे रॉकेल हाये."

"भाऊजी, तुमाले डोंगर नाई दिसत, बकऱ्याचं पोट दिसते," ती म्हणाली. "पडू द्या, कुजू द्या, माती होईन. डोंगराचं डोंगरालेच राहू द्या."

आणि सगळ्यांनी हात वर केले. मथुराबाईने बोलायचं आणि आम्ही हात वर करायचे, अशी आमच्या सभेची रीतच पडून गेली होती. ती चुकीचं बोलेलच कशी? इतकी वर्षं जे बोलली ते डोंगराने खरं करून दाखवलं होतं. भाऊराव एकटा हात खाली ठेवून बसला आणि सभा संपायच्या आत उठून गेला.

चैत्रातल्या एका भर दुपारी धूर दिसला. कोणाची विडी होती, की मोहाखालचा पाला कोणी पेटवला होता, ते कधीच कळलं नाही. आख्खं गाव पळसाच्या डहाळ्या घेऊन धावलं. पण गवत छातीएवढं, वारा दक्षिणेचा. डहाळी मारायला जवळ जाणंच शक्य नव्हतं. आग चालत आली नाही, ती पळत आली. जे फुटवे आम्ही एकेक निवडून ठेवले होते, जे मनगटाएवढे झाले होते, ते आमच्या डोळ्यांसमोर काळे पडत गेले. मोर ओरडत खालच्या वावरात उतरले. आमच्या सोबत डहाळी मारणारा भाऊराव काजळीने ओळखू येत नव्हता. त्याने एकदाही "मी सांगितलं होतं" म्हटलं नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

मथुराबाईच्या बुटांचे तळ वितळले होते. ती खाली येऊन विहिरीच्या काठावर बसली. पाणी दिलं तर घेतलं नाही. "मीनंच जाळला," एवढंच म्हणाली. मी तिला इतक्या हळू आवाजात बोलताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

आग विझली आणि दुसरी गोष्ट सुरू झाली. आजूबाजूला चर्चा होऊ लागली की गावाच्या हाती डोंगर दिला की हेच व्हायचं. ग्रामसभेला तालुक्याहून एक नवे साहेब आले, सोबत एका मोठ्या संस्थेचा माणूस. त्यांचा प्रस्ताव गोड होता. काही वर्षांसाठी डोंगराची व्यवस्था संस्थेकडे द्यायची. पहारेकरी त्यांचे, रोपं त्यांची, निर्णय त्यांचे. गावाला मजुरी मिळेल आणि काळजी संपेल. खरं सांगतो, आम्ही थकलो होतो. एवढं करून राख पदरात पडलेली. अनेकांच्या माना हलायला लागल्या होत्या. त्या दिवशी डोंगर हातचा जाणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. एकदा गेला की परत मागायला तोंडही उरलं नसतं.

मथुराबाई उठली. पाय भाजलेले, चिंध्या गुंडाळलेल्या.

"सायेब, माह्या घरात पोयी करपली तं मी चूल शेजारनीले देऊन टाकू का?"

कोणी हसलं नाही.

"चूक आमची हाये," ती म्हणाली. "तुमची नाई, सरकारची नाई, कोन्या संस्थेची नाई. आमची. म्हूनच डोंगरबी आमचा हाये. ज्याची चूक, त्याचा डोंगर."

"अहो बाई, पण पुन्हा जळला तर?" साहेबांनी विचारलं. त्यांचा प्रश्न खोटा नव्हता.

"तं पुन्ना आमीच रडू. तुमाले रडाले बोलावनार नाई."

मग ती सभेकडे वळली. "आता माह्या दंडाचं बोला. कुऱ्हाडीनं एक फांदी तोडली तं दिवसभर घाणेरी. मीनं तं आख्खी दक्षिनबाजू जाळली. कोन पकडते मले?"

सगळे खाली बघू लागले. ज्या बाईने गावाला उभं केलं तिला कोण पकडणार? मीही बुटाच्या नाडीशी खेळत बसलो. शेवटी भाऊराव उठला.

"मी पकडतो," तो म्हणाला. "वयनी चुकली. मी सांगतलं व्हतं, कोनी आयकलं नाई. पन तुमी सगळेबी चुकले. तिनं तोंड उघडलं का तुमचे हात वर! इच्यार कोनं केला? म्हून माही मांडनी अशी हाये. डोंगर कोनाले द्याचा नाई. गवत दरसाल समद्या गावानं कापाचं. बकऱ्या मीबी आत सोडनार नाई. अन् वयनीले अध्यक्ष ठेवाचं नाई."

डोंगर द्यायचा नाही हे ऐकून साहेबांच्या कपाळाला आठी आली, आणि अध्यक्ष बदलायची हे ऐकून आमच्या. हात वर व्हायला फार वेळ लागला. आणि पहिला हात वर गेला तो मथुराबाईचा. स्वतःला काढायच्या बाजूने. तिने तो असा ताठ धरला होता की जणू कोणाला तरी मारणार आहे. मग एकेक करत बाकीचे हात वर गेले, आणि नवा अध्यक्ष भाऊरावच ठरला. त्या दिवशी गावाने पहिल्यांदा तिचं पद काढून घेतलं आणि पहिल्यांदा स्वतःच्या डोक्याने डोंगर ठेवून घेतला. घरी जाताना ती मला म्हणाली, "मास्तर, मले काढू शकते म्हंजे गाव आता कोनालेबी काढू शकते. आता नाई जात डोंगर." तिचा चेहरा उतरलेला होता, आणि तरीही ती खूश होती. दोन्ही एकदम कसं असू शकतं हे मला तेव्हा कळलं.

जळलेल्या जागी सगळ्यात आधी परत आली ती घाणेरीच. पाय बरे झाल्यावर मथुराबाई रोज वर जायला लागली, आणि नियमाप्रमाणे भाऊरावला तिच्यासाठी भाकर न्यावी लागली. वाटणीनंतर त्या दोन घरांनी एकमेकांकडे पाणीही घेतलं नव्हतं. पहिल्या दिवशी मीही वर होतो. भाऊरावने फडकं सोडलं, ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा आणि कांदा मध्ये ठेवला आणि डोंगराकडे तोंड करून बसला.

"ठेच्यात मीठ जास्त पडलं," ती म्हणाली.

"तुमाले कोनाच्या घरचं गोड लागलं आतापावतर?"

ती हसली. मग तोही. मग तिने बोटाने ठेचा पुसून घेत विचारलं, "भाऊजी, गवत कार्तिकात कापाचं का त्याच्याबी आंधी?"

"बी पडलं का लगेच. वाळाच्या आंधी."

"पन समदं नाई कापाचं. बांधाच्या वरतं थोडं ठेवा लागन, माती धराले."

"थे ठेवू."

"अन् दक्षिनच्या अंगाले पट्टा साफ पायजे. रुंद."

"वयनी, अध्यक्ष मी हाये," भाऊराव म्हणाला.

"मंग अध्यक्षासारखं आयका!"

खुंट मेले नव्हते. वरचे फुटवे जळाले, पण मुळं जिवंत होती. पावसात खालून पुन्हा फुटलं आणि आम्ही पुन्हा निवडायला बसलो. कार्तिकात गवत कापणं हा आता गावाचा सणच झाला आहे. विळे घेऊन सगळे वर जातात, ज्याच्याकडे ढोरं नाहीत तोही जातो, आणि भाऊरावच्या गाई उन्हाळ्यातही तकतकीत दिसतात. मध्ये एका वर्षी पलीकडच्या शिवारातून आग आली, आणि कापलेल्या पट्ट्याशी येऊन बसली. आम्ही नुसते उभे राहून पाहत होतो. आज सेमाडोहकडे वाघ पाहायला जाणाऱ्या गाड्या खालच्या रस्त्याने जातात. आमच्या डोंगराकडे कोणी बघत नाही. बघू नयेच.

पद गेल्यावर मथुराबाई सभेत मागे बसू लागली आणि प्रत्येक ठरावाला विरोध करू लागली. भाऊराव वैतागायचा. "वयनी, हा ठराव तं तुमीच सुचवला व्हता!" ती शांतपणे सांगायची, "म्हून काय झालं? एक तरी हात खाली पायजे." इतकी वर्षं सगळे हात वर बघून तिला त्यांची भीतीच बसली होती.

मागच्या हिवाळ्यात तिची छाती कफाने भरली. अमरावतीला दवाखान्यात ठेवलं होतं. मी भेटायला गेलो तर डॉक्टरांशी तिचं वाजलेलं. "बोलू नका म्हंते थो. मंग जगून काय करू?" मला म्हणाली. तरी दम लागेपर्यंत बोलत होती. चार-पाच दिवसांनी तिचा मुलगा तिला गावी घेऊन आला, ती गेल्यावर.

तिच्या जाण्यानंतरच्या ग्रामसभेला अमरावतीहून एक पाहुणे आले. मोठे, चांगले गृहस्थ. तिच्याबद्दल ऐकून होते. डोंगराच्या तोंडाशी दगडी कमान बांधू आणि त्यावर तिचं नाव कोरू, म्हणाले. सगळा खर्च त्यांचा. मला भरून आलं. अनुमोदन देतो म्हणून मी उठून उभा राहिलो आणि हात वर केला. त्या बाईचं नाव कुठेतरी असायलाच हवं होतं.

भाऊराव अध्यक्षाच्या खुर्चीत होता. त्याने डोळे पुसून घेतले.

"मास्तर, वयनी तुमाले जशी, तशी मलेबी व्हती," तो म्हणाला. "पन हा डोंगर तिनं कधीच आपला म्हनला नाई, गावाचा म्हनला. आता दगडावर तिचं नाव घालसान, तं मोरखडीचा डोंगर मथुराबाईचा होईन. आख्खी जिंदगी जिनं एक फांदी कोनाले नेऊ देल्ली नाई, तिच्या पदरात तुमी आख्खा डोंगर टाकून राहिले. मेल्यावर तिले चोर काहून करता?"

भाऊरावने ठराव मताला टाकला. कमानीच्या बाजूने एकच हात होता, माझा, आणि मी तो खाली घेतला नाही. विरोधात सगळं गाव. तिच्या मुलानेही माझ्याविरुद्ध हात वर केला, माहेरी आलेल्या तिच्या मुलीनेही, मत नसताना. मी उभ्या उभ्या रडत होतो, कारण ती मागे बसलेली असती तर तिनेही माझ्या विरोधातच हात वर केला असता, आणि घरी जाताना मला शिव्या दिल्या असत्या, हे मला पक्कं ठाऊक होतं.